वाऱ्याला जागा

“आधी रेषेवर उभी राहा बघू,” वन्सं म्हणाल्या. “मास्तरांनी सांगितलंय, जिथे संपते तिथून सुरू करायचं.”

काकू मुकाट्याने उभ्या राहिल्या. रेष म्हणावी असं तिथे आता काही उरलं नव्हतं. शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी कमान होती, पताका होत्या, कर्ण्यावरून प्रत्येकाचं नाव चुकीचं पुकारणारा एक उत्साही गृहस्थ होता. आता दोन कुत्री ऊन खात पडली होती आणि चुन्याचा पट्टा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी जवळजवळ पुसला होता. ज्या रेषेपर्यंत धावत पोचता आलं नाही तिथे आज रिक्षातून आरामात येऊन उतरलो, असं काकूंच्या मनात आलं. पण त्या बोलल्या नाहीत. आज जितकं कमी बोलू तितकं बरं, हे त्या घरूनच ठरवून निघाल्या होत्या.

मास्तरांच्या या रिवाजाबद्दल सांगायला हवं. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. एक पोस्टमन, एक इस्त्रीवाला, बँकेतल्या दोघी बहिणी आणि आपल्या काकू अशी हौशी मंडळी पहाटे त्यांच्या हाताखाली लांब पल्ल्याचं धावणं शिकत. हंगाम संपला की मास्तर सगळ्यांचे बूट माळ्यावर टाकायला लावत. पायांना सुट्टी. पण त्या सुट्टीत प्रत्येकाने एक काम करायचं. वर्षातली जी शर्यत सगळ्यात वाईट गेली, तिचा रस्ता एकदा उलटा चालायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. सोबत एकच माणूस घ्यायचा, जो त्या दिवशी पाणी द्यायला रस्त्यावर उभा होता तो. त्या माणसाने जागोजागी थांबून एकच प्रश्न विचारायचा, “याच्या आधी काय झालं?” खरं उत्तर हाती लागेपर्यंत चालायचं, लागलं की घरी जायचं.

“सरळ आठवायला बसलं की माणूस गोष्ट रचतो,” मास्तर म्हणत. “उलटं आठवताना रचायला सवड मिळत नाही.”

यात तथ्य होतं. पोस्टमन कैक वर्षं आपल्या बुटांना शिव्या देत होता. उलटा चालायला लागला तेव्हा बूट कुठल्या कुठे राहिले आणि गोष्ट मागे मागे जात थेट सासुरवाडीला पोचली. शर्यतीच्या आदल्या दिवशी सासूबाई आग्रह करकरून वाढत होत्या आणि नाही म्हणायची याची छाती नव्हती. पुढच्या वर्षी त्याने शर्यतीआधी सासुरवाडीला जायचं सोडलं आणि झकास धावला. बायको मात्र बरेच दिवस घुश्शात होती. थोडक्यात, कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे मास्तरांच्या मंडळींना पाठ झालं होतं.

काकूंना नेमकी तीच धास्ती होती. त्यांची गोष्ट गुडघ्यापाशी येऊन थांबायला हवी होती. गुडघा दुखला, म्हणून शर्यत सोडली, म्हणून आता धावणंच बंद. मास्तरांना हेच सांगून झालं होतं, वन्संनाही हेच. खरं कारण पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर होतं.

काकूंचे यजमान पाणीपुरवठ्यात होते. वस्त्यांचे व्हॉल्व्ह सोडायचं काम, त्यामुळे पहाटे उठायची सवय. दरवर्षी या शर्यतीला ते त्या कोपऱ्यावर लिंबूपाणी घेऊन उभे राहत. सावली संपून उन्हाचा लांबलचक रस्ता तिथूनच सुरू होतो आणि भल्याभल्यांचं अवसान तिथेच गळतं. काकू लांबून दिसल्या की ते दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवत, की पंपावरची माणसं हातातली नळी विसरून वळून बघत. मागचा हंगाम संपला, बूट माळ्यावर गेले आणि त्याच दिवसांत एका सकाळी ते हृदयविकाराने गेले. यंदा त्या कोपऱ्यावर त्यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं उभ्या राहिल्या. काकू टप्प्यात येताच वन्संनी दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी हुबेहूब तीच. काकू जीव खाऊन पळत सुटल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत असं सुटणं म्हणजे पगार झाल्या दिवशीच सगळा उडवण्यासारखं असतं. पुढचा रस्ता कोरड्या खिशाने काढावा लागतो.

आता हे वन्संना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी ती मायेनेच वाजवली होती. घरात आता दोघीच उरल्या होत्या, एकमेकींना धरून. तुमच्या शिट्टीने माझं सगळं बिघडवलं, एवढं एक वाक्य बोललं की त्या घराला तडा गेला असता. त्यापेक्षा धावणं सोडलेलं बरं. पुन्हा त्या कोपऱ्यावरून जायलाच नको, म्हणजे पुन्हा विषय नको.

“चला,” वन्सं म्हणाल्या आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकून पुढे निघाल्या. वन्संनी लग्न केलं नव्हतं. वीज कंपनीच्या चौकशीच्या खिडकीत बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात त्यांची हयात गेली होती. आता विचारायची पाळी त्यांची होती आणि ती त्या हातची जाऊ देणार नव्हत्या.

पहिला मुक्काम औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या. काकू इथेच बसल्या होत्या आणि पुन्हा उठल्या नव्हत्या.

“इथे गुडघा गेला,” काकूंनी घाईघाईने सांगून टाकलं.

वन्सं दुकानाच्या आत बघत होत्या. शर्यतीच्या दिवशी काकूंना शोधत त्या इथे आल्या तेव्हा औषधवाल्याशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. तो म्हणाला होता की बाई आधी बसल्या, बराच वेळ तोंड झाकून बसल्या, आणि कुणी विचारायला आलं तेव्हा त्यांनी गुडघा धरला. वन्संनी हे सगळं शांतपणे सांगितलं. गल्ल्यावरच्या औषधवाल्याने ओळखून मान हलवली आणि पुन्हा हिशेबात डोकं घातलं.

काकूंनी पाणी मागून घेतलं. पाणी पिताना बोलावं लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. मग कबूल केलं, की गुडघा नंतरचा, आधी दमच संपला होता. पुलावर चढतानाच पाय उचलेनात. गुडघ्याचं नाव घेतलं की लोक फार खोलात जात नाहीत.

“मला वाटलंच होतं,” वन्सं म्हणाल्या. “मलम लावतेस तो गुडघा एक दिवस डावा असतो आणि एक दिवस उजवा.”

पुलाचा चढ चालताना काकूंनी बेत पक्का केला. वर पोचून कठड्याला टेकल्या आणि प्रश्न यायच्या आतच उत्तर देऊन मोकळ्या झाल्या. शाळेच्या भिंतीच्या सरळ रस्त्यावर त्या वाजवीपेक्षा जोरात पळाल्या होत्या, हाव सुटली होती, पुढच्यांना गाठायची हौस. झालं, सापडलं उत्तर. आता रिक्षा करून घरी जाऊ, ऊन होतंय, तुमचं वय काय, वगैरे वगैरे.

“हावरट? तू?” वन्सं हसल्या, तेव्हा त्यांची वरची कवळी लख्ख दिसली. ती काकूंच्याच हातची होती.

काकूंचं पोटापाण्याचं काम कवळ्या करण्याचं. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं यायची. कारखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून काकू प्लास्टरचे साचे ओतायच्या, मेणात एकेक दात रोवायच्या आणि पूर्ण समाधान झाल्याशिवाय पुढच्या दाताला हात लावायच्या नाहीत. मालक म्हणत, काकूंना घाई करायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. धावायच्याही तशाच. पहिल्या मैलाला जी चाल, तीच शेवटच्या मैलाला. मास्तर नव्या माणसांना सांगत, काही कळलं नाही तर काकूंच्या मागे पळा. अशा बाईला अचानक हाव सुटली यावर विश्वास कोण ठेवणार?

काकूंना सगळ्या जन्मात एकच गिऱ्हाईक अवघड गेलं होतं आणि ते म्हणजे वन्सं. इतरांची कवळी दुसऱ्या खेपेला बसायची. वन्संची गेल्या वर्षभरात सतरा वेळा माघारी आली असेल. घास चावता येतो, टोचत नाही, दिसायला छान. पण पुढच्या दातांच्या मागे “जरा वाऱ्याला जागा ठेव” असं त्यांचं टुमणं. दात खायला असतात, वाऱ्याला कशाला जागा हवी, असं म्हणत काकूंनी प्रत्येक वेळी थोडं थोडं घासून दिलं होतं. म्हातारपणी माणूस चिकित्सक होतं, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

“याच्या आधी काय झालं?” वन्संनी विचारलंच.

काकू पूल उतरू लागल्या. उतारावर पावलं आपोआप लांब पडतात. काकूंनी ती मुद्दाम आखडती घेतली. शाळेची भिंत आली. सुट्टीचा दिवस, शाळा बंद. भिंतीला लागून रस्ता सरळ सोट गेला होता आणि त्याच्या टोकाला पंपाचं लाल छप्पर दिसत होतं.

“इथे बँकेतल्या दोघींना मागे टाकलंस,” वन्सं म्हणाल्या. “धाकटी भेटली होती मला. म्हणाली, काकूंना हाक मारली तर ओ दिली नाही.” थोडं चालून त्या पुढे म्हणाल्या, “म्हणाली, काकू रडत होत्या.”

आता प्रश्न येणार, म्हणून काकूंनी मनाची तयारी केली. पण वन्संनी प्रश्न विचारला नाही. नुसत्याच चालत राहिल्या, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. काकूंना ते न बोलणं प्रश्नापेक्षा जड गेलं.

पंपाच्या कोपऱ्यावर टायरमध्ये हवा भरायची जागा होती. शेजारी एक बुटका कट्टा. यजमान त्या कट्ट्यावर लिंबूपाण्याचा डबा ठेवत. वन्सं बरोबर तिथे थांबल्या.

“याच्या आधी मी शिट्टी वाजवली,” त्या म्हणाल्या.

काकू चटकन म्हणाल्या, की तसं काही नाही, त्याचा काही संबंध नाही, ऊन फार होतं त्या दिवशी.

“नको बोलूस खोटं. तुला येत नाही ते. मला पुलावरच कळलं होतं. तू खाली बघत उतरत होतीस.”

आता झाकायला काही उरलं नव्हतं. काकू कट्ट्यावर बसल्या. त्यांनी सांगून टाकलं, आधी अडखळत आणि मग सगळंच. शिट्टी ऐकली तेव्हा क्षणभर ते आलेत असंच वाटलं. पायांत कुठून बळ आलं कळलं नाही. मग वर बघितलं तर वन्सं. तिथे थांबले असते तर तिथेच कोसळले असते, म्हणून पळाले. लिंबूपाणी घेतलं नाही. मागे वळून बघितलं नाही.

“रागही आला असेल माझा.”

एक मोटारसायकल हवा भरून गेली. मग काकू म्हणाल्या, “हो, आला. वाटलं, तुम्ही का वाजवलीत? ती त्यांची शिट्टी होती.”

“त्याची नव्हती गं,” वन्सं म्हणाल्या. “माझी होती.”

काकूंनी मान वर केली.

वन्सं उभ्यानेच सांगू लागल्या. सांगताना त्या काकूंकडे बघत नव्हत्या, पंपाकडे बघत होत्या. त्यांची आई दिवसभर कामावर असायची. घरात ही दोघंच. भाऊ लहान, त्याला त्या बारक्या म्हणत. बारक्या पक्का भित्रा. त्यांच्या चाळीचा जिना दिवसाही काळोखा होता आणि खेळून आला की तो खालीच रडत उभा राहायचा. म्हणून वन्संनी त्याला शिट्टी शिकवली. त्याने खालून वाजवायची, त्यांनी वरून उत्तर द्यायचं, मग तो त्या आवाजाच्या मागे जिना चढून यायचा. पुढे त्या खिडकीतल्या नोकरीला लागल्या, चार लोकांत वावरू लागल्या, आणि शिट्टी वाजवणं बाईमाणसाला शोभत नाही असं ठरून ते मागे पडलं. त्याची मात्र चालू राहिली.

“म्हणून तुम्ही कवळी...” काकू म्हणाल्या.

“लावून वाजेचना,” वन्सं म्हणाल्या. “न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचे, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. दोनदा कवळी बादलीत पडली. पण तुझ्या शर्यतीपर्यंत जमवायचंच होतं मला. वाटलं, दरवर्षी तुला इथे शिट्टी असते, यंदा नसली तर कसं धावशील तू?”

काकूंना आपण वर्षभर घासत बसलेले ते दात आठवले. चिकित्सक म्हातारी, असं आपण मालकांनाही हसत सांगितलं होतं. त्यांना इतकी शरम वाटली, की मान खाली घालूनही ती कमी होईना.

“आणि खरं सांगू?” वन्सं म्हणाल्या. “तेवढंच नव्हतं ते. मला वाजवायची होती. तुझ्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. बारक्या गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आठवतंय? सगळे तुझ्याजवळ बसले. बसायलाच हवं होतं, तुझा नवरा गेला होता. मला म्हणाले, ताई, तुम्ही खंबीर आहात, जरा चहाचं बघता का. मी चहाचं बघितलं. दिवसभर चहाचं बघत होते मी. माझा भाऊ गेला होता गं. मला कुणी विचारलंच नाही.”

काकूंनी विचारलं होतं का? त्यांनी मागे जाऊन शोधलं, मास्तरांनी शिकवलं तसं, एकेक दिवस उलटा लावत. वर्षभरात वन्संनी त्यांना झोपेची गोळी दिली होती, डोक्याला तेल लावलं होतं, पहाटे दारावर टकटक करून धावायला धाडलं होतं. काकूंनी वन्संना काय विचारलं? कवळी टोचतेय का, एवढंच.

“त्या दिवशी वाजवली,” वन्सं म्हणाल्या, “आणि तू बघितलंसुद्धा नाहीस. गेलीस निघून. मी लिंबूपाण्याचा पेला धरून तशीच उभी. मग इथेच बसून मीच ते पिऊन टाकलं.” एवढं बोलून त्यांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि कधी नव्हे ते तोंडावर हात घेऊन रडू लागल्या. भर चौकात, ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांसमोर. गाड्या वेग कमी करून दोघींना वळसा घालून जात होत्या.

काकूंनी त्यांना धरून खाली बसवलं. समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. खंबीर राहा असं तर मुळीच म्हणाल्या नाहीत. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पाठ केवढीशी होती ती. एका घरात राहून हे कधी हाताला लागलं नव्हतं.

रडणं ओसरल्यावर वन्संनी डोळे पुसले आणि नेहमीच्या व्यवहारी सुरात म्हणाल्या, की झालं ते झालं, उत्तर सापडलं, आता घरी जायला हरकत नाही. पुढच्या वर्षी त्या इथे उभ्या राहणार नाहीत. मैदानावर पाणी घेऊन थांबतील. काकूंनी आपलं बिनघोर धावावं.

“नको,” काकू म्हणाल्या. “तुम्ही इथेच उभ्या राहा.”

“आणि?”

“आणि वाजवा. मी थांबेन.”

“थांबलीस की लय मोडते. मास्तर ओरडतील.”

“ओरडू देत,” काकू म्हणाल्या.

वन्सं उठायला लागल्या, तर काकूंनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेल्या. येताना दोन्ही हातांत चहाचे पेले होते. गाड्यांमधून वाट काढताना थोडा चहा बोटांवर सांडला, पण त्यांनी पेले सोडले नाहीत. एक वन्संच्या हातात दिला, दुसरा आपण घेतला आणि कुणी गेल्यावर लोक भेटायला येऊन बसतात तशा त्यांच्याजवळ, अगदी लागून बसल्या.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “लहानपणी कसा होता तुमचा भाऊ?”

वन्संनी चहाकडे बघितलं. कुठून सुरू करावं ते त्यांना कळेना. मग म्हणाल्या, “चालायला उशिरा लागला. माझं बोट धरून शिकला. सोडलं की मटकन बसायचा.”

काकूंना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला आणि हे माहीत नव्हतं. वन्सं सांगत राहिल्या, ऊन कट्ट्यावर आलं तरी सांगत राहिल्या, आणि काकूंच्या हातातला चहा गार होऊन गेला.